स्पेनमध्ये एकच वेळचं जेवण घरी घ्यायचं असेल, तर दुपारचं घे

विचारलेलं असं: "सप्टेंबरपासून एका सत्रासाठी सालामांकाला स्पॅनिश शिकायला चाललेय. नाशिकची आहे. तिथे एका स्पॅनिश कुटुंबात राहणार. अंडी खाते, मांस-मासे नाही. दुपारी अडीच-तीनला जेवतात, प्रत्येक भांड्यात डुक्कर असतं आणि जेवल्यावर तासभर कुणी उठत नाही, असं ऐकलंय. राहण्याच्या अर्जात नाश्ता आणि एक वेळचं जेवण असा पर्याय आहे. रात्रीचं घ्यावं आणि दुपारी सँडविचवर भागवावं असं वाटतंय. पैसेही वाचतील. ठीक आहे ना?"

ठीक नाही. दुपारचं घे आणि रात्रीचं सोड.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, सालामांकात शिकले आहे आणि गेली बरीच वर्षं आपल्याकडच्या मुलामुलींना तिथल्या घरांमध्ये राहायला पाठवते. तुझ्यासारखा हिशेब करणारे दरवर्षी भेटतात. हिशेब कागदावर बरोबर असतो, फक्त तो आपल्या घरातल्या जेवणांवरून मांडलेला असतो. आपल्याकडे दोन्ही वेळा साधारण तोच स्वयंपाक, म्हणून कुठलंही एक सोडलं तरी फरक पडत नाही. स्पॅनिश घरात तसं नाही. तिथे स्वयंपाक दुपारी होतो. रात्री साडेनऊ-दहाला जो तो आपापलं काहीतरी खातो: एका अंड्याचं साधं ऑम्लेट, दुपारचं उरलेलं सूप, पाव आणि चीज, एखादं दही. तू रात्रीचे पैसे भरशील आणि तुला मिळेल ते हे. ज्या जेवणासाठी घरातली सेन्योरा, म्हणजे घरमालकीण, सकाळी बाजारात जाऊन आली, ज्याला घरातले सगळे एकत्र बसले, ते तू गावातल्या बाकावर सँडविच खाता खाता चुकवलेलं असेल.

अर्जात 'मेदिया पेन्सिओन' असं लिहिलेलं असेल. त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी नाश्ता आणि रात्रीचं जेवण असा धरतात, कारण विद्यार्थी दिवसभर बाहेर असतो असं गृहीत असतं. पण दुपारचं हवं असं सांगितलं तर सहसा मिळतं. कित्येक सेन्योरांना तेच सोयीचं पडतं, रात्री कुणासाठी थांबावं लागत नाही. 'पेन्सिओन कोम्प्लेता', म्हणजे तिन्ही वेळचं, परवडत असेल तर प्रश्नच नाही.

यासाठी वेळापत्रकही सांभाळावं लागेल. परदेशी विद्यार्थ्यांचे भाषेचे वर्ग सहसा सकाळी असतात आणि एक-दोनपर्यंत संपतात, तेव्हा तुला अडचण येऊ नये. पण विद्यापीठाचे नेहमीचे विषय घेणार असशील तर तिथे सकाळची आणि दुपारची अशा वेगळ्या तुकड्या असतात. दुपारची तुकडी तीन-चारला सुरू होते आणि रात्री आठ-नऊपर्यंत चालते. निवडता येत असेल तर सकाळची घे. नाहीतर घास तोंडात असताना घड्याळाकडे बघत बसशील.

आता अडीच-तीनचं. याची धास्ती सगळ्यांना असते आणि पहिला आठवडा खरंच पोटात कावळे ओरडतात. पण एक गोष्ट बघ. सूर्याच्या हिशेबाने नाशिकला खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. सालामांका ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, पण स्पेनचं घड्याळ मध्य युरोपाबरोबर चालतं. १६ मार्च १९४० च्या रात्री हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे केली आणि ती पुन्हा मागे आलीच नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास. त्यामुळे सप्टेंबरात सालामांकात सूर्य माथ्यावर येतो तो सव्वादोनच्या सुमारास. म्हणजे तिथे पावणेतीनला जेवणारं घर आणि नाशिकमध्ये एकला जेवणारं घर सूर्याच्या हिशेबाने एकाच वेळी जेवतात. कामाचे लांब, मधे तोडलेले तास हेही उशिरा जेवण्याचं कारण आहे, पण आपलं पोट या वेळेला लवकर का रुळतं ते या हिशेबावरून कळतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाईल. जेवणाची वेळ मात्र हलणार नाही.

मधल्या भुकेची सोय त्यांनीही केलेली आहे. सकाळी उठल्यावर कॉफी आणि टोस्ट, बस. टोस्टवर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून माग, लोण्या-जॅमपेक्षा बरंच बरं. मग अकराच्या सुट्टीत विद्यापीठाच्या कॅफेटेरियात सगळे उठून 'पिंचो दे तोर्तिया' खातात, म्हणजे बटाटा-अंड्याच्या जाड तोर्तियाचा एक तुकडा पावाबरोबर. तो तुला चालतो. कांद्याची असेल तर आणखी छान (यावरून स्पेनमध्ये दोन तट आहेत, मी कांदेवाल्यांकडून). तोर्तियात चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज, नाही ना एवढं विचार. बारा वाजता मात्र काही खाऊ नकोस आणि हॉटेलात जेवायलाही जाऊ नकोस. एक-दीडच्या आत बहुतेक स्वयंपाकघरं चालूच होत नाहीत, आणि जी बाराला जेवण वाढतात ती पर्यटकांसाठी असतात.

घरच्या जेवणाचा क्रम समजून घे, कारण आपली मुलं तिथे हमखास फसतात. आपल्या ताटात सगळं एकदम येतं. तिथे आधी पहिला पदार्थ, 'प्रिमेरो'. तो संपला की ताटली उचलली जाते. मग दुसरा, 'सेगुंदो', आणि शेवटी फळ किंवा दही. प्रिमेरो म्हणजे डाळी-कडधान्यं, भाजी, सूप, भात किंवा पास्ता. सेगुंदो म्हणजे मांस, मासे किंवा अंडी. मसुराची खोलगट ताटली समोर आली की आपण थोडंच घेतो, कारण पुढे भात येईल असं मनात असतं. भात येत नाही. ज्यांना हे कळलेलं असतं ते मग मसूर दोनदा घेतात आणि त्यावर सेन्योरा भलंमोठं तोर्तिया आणून ठेवते. तुझ्या बाबतीत प्रिमेरो हेच मुख्य जेवण धर आणि सेगुंदोला पोटात थोडी जागा ठेव.

पाव सगळ्या जेवणभर असतो, ताटलीत नाही तर तिच्या शेजारी थेट टेबलक्लॉथवर. तो डाव्या हातात धरून त्याने घास काट्यावर ढकलायचा. घरात रस्सा पावाने पुसून खाल्लेला चालतो, उलट सेन्योरा खूश होते. कोशिंबीर बरेचदा मधोमध एकाच भांड्यात असते आणि सगळे आपापल्या काट्याने तिथूनच खातात. उष्ट्याचं वाटलं तर सुरुवातीलाच स्वतःच्या ताटलीत थोडी काढून घे, कुणी काही म्हणत नाही. हात टेबलावर दिसले पाहिजेत, डावा हात मांडीवर ठेवून जेवणं त्यांना विचित्र दिसतं. आणि आग्रहाचं एक. आपल्याकडे पहिलं 'नको' हे शिष्टाचाराचं असतं. तिथे ते खरं मानलं जाण्याची शक्यता बरीच आहे. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हण.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. डुक्कर.

तू ज्या भागात चालली आहेस तो हामोनचा, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचा, आणि चोरिसोचा प्रदेश आहे. गिहुएलोचं हामोन याच जिल्ह्यातलं. पण तोच भाग स्पेनमधल्या उत्तम कडधान्यांचाही आहे, आणि हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. शहराच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा सपाट शेतीचा पट्टा आहे. तिथल्या फिकट, मोठ्या दाण्याच्या मसुरांना भौगोलिक मानांकन आहे. शेजारच्या सामोरा जिल्ह्यात फुएन्तेसाउकोचे काबुली चणे, आणि आविला जिल्ह्यात एल बार्कोच्या पांढऱ्या घेवड्याच्या शेंगांचे दाणे. थंडी पडली की घराघरांतून आठवड्यातले दोन-तीन दिवस प्रिमेरो म्हणून हेच शिजतं. सालामांका समुद्रसपाटीपासून आठशे मीटरवर आहे. नोव्हेंबरात तिथे दुपारी वाफाळती मसूर मिळणं काय असतं ते कळेलच तुला.

अडचण भांड्यात आहे. मसुरांत कांदा, लसूण, ढोबळी मिरची, गाजर, तमालपत्र पडतं, वर पिमेंतोन नावाची धुरावलेली लाल मिरचीपूड, आणि मग चोरिसोचा तुकडा. चण्याच्या कोसीदोत हाडं, चरबी, मांस सगळंच असतं, तो तुझ्यासाठी नाहीच. 'वेगळं काढून दे' म्हणून भागत नाही, कारण चोरिसो बाजूला काढला तरी त्याची चरबी रश्श्यात उतरलेली असते. सेन्योराला वाटतं, तुकडा काढला म्हणजे झालं. तू काय धरतेस ते तुला ठरवावं लागेल आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागेल. तिसऱ्या आठवड्यात सांगितलं तर तिला वाटेल, इतके दिवस मी हिला काय खाऊ घातलं.

फक्त 'मी शाकाहारी आहे' म्हणून थांबलीस तर दोन गोष्टी होतील. एक, तुला ट्यूना मिळेल. 'कार्ने' नको म्हटलं की बऱ्याच जुन्या घरांत लाल मांस एवढंच डोळ्यांसमोर येतं, आणि हामोनचे चार बारीक तुकडे हे तर भाजीला चव येण्यासाठी असतात. म्हणून सगळं नावानिशी सांग: नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन, नि चोरिसो, नि आतून (म्हणजे ट्यूना), नि काल्दो दे कार्ने. शेवटचं, म्हणजे मांसाचं पाणी, सगळ्यांत महत्त्वाचं, कारण निर्मळ दिसणाऱ्या सुपात ते असतं. दोन, तुला रोज तोर्तिया आणि सॅलड मिळेल, कारण बिचारीला दुसरं काही सुचणार नाही. हे आळसाने होत नाही, तिच्या डोक्यातला सेगुंदो मांस काढलं की रिकामा होतो.

म्हणून नकारांच्या यादीबरोबर होकारांची यादी दे. तिलाच येणाऱ्या पदार्थांची दे, आपल्या नव्हे. माझी यादी साधारण अशी असते: कांदा-टोमॅटो-झुकिनी-ढोबळी मिरचीचं पिस्तो, वर तळलेलं अंडं. मसूर चोरिसोशिवाय, भरपूर भाज्या घालून. पालक-चणे, हा सेव्हियाकडचा पदार्थ, त्यात जिरं असतं आणि तुला घरची आठवण येईल. झुकिनी किंवा लाल भोपळ्याची क्रेमा, म्हणजे घोटलेलं सूप. हिरव्या शेंगा-बटाटा, हामोनशिवाय. भात टोमॅटोच्या सॉसबरोबर आणि वर अंडं, ज्याला ते क्युबन भात म्हणतात आणि जो लहान मुलांचा लाडका असतो. मशरूम लसणावर परतून. बटाट्याचे 'पातातास मेनेआस', हा खास सालामांकाचा, पिमेंतोन घालून घोटलेला बटाटा. यावर डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, ते नको आणि ऑलिव्ह तेलात कर असं सांग. सप्टेंबरची उष्णता असेपर्यंत गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, आणि कोर्दोबाचं घट्ट साल्मोरेहो, वर फक्त अंडं.

मसुरांसाठी माझ्या मुलींना मी एक गोष्ट सांगते, तिने पुष्कळ घरं जिंकली आहेत. चोरिसोचा रंग आणि वास मुख्यतः पिमेंतोन आणि लसणाचा असतो. ला व्हेराचं पिमेंतोन ओकच्या लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस वाळवलेलं असतं. मसूर शिजल्यावर ऑलिव्ह तेलात लसणाचे काप सोनेरी करायचे, गॅस बंद करायचा, मग त्यात चमचाभर पिमेंतोन घालून लगेच मसुरांवर ओतायचं. आपली फोडणीच ही, फक्त वरून दिलेली. गॅस चालू असताना पूड घातली तर जळून कडू होते. हे तंत्र तिलाही माहीत असतं, इतर पदार्थांत ती वापरते, त्यामुळे तिला तू काही शिकवते आहेस असं वाटत नाही. मसूर दोन भांड्यांत वेगळी करायला तिला जड जात नाही, प्रेशर कुकर त्या घरातही असतो. 'ओया एक्सप्रेस' नावाने त्याचं स्पॅनिश पेटंट १९१९ मध्ये सारागोसाच्या होसे आलिक्स यांनी घेतलं होतं.

मसूर नको म्हणणाऱ्या मुलांना म्हणायची एक यमकी म्हण आहे: "लेंतेहास, सी किएरेस लास कोमेस, ई सी नो, लास देहास." मसूर आहे, हवी तर खा, नको तर ठेव. तुला एकदा तरी ऐकवतील. पुढची ओळ तूच पूर्ण केलीस तर टेबलावर तुझा भाव वाढेल.

निरागस दिसणाऱ्या आणि नसणाऱ्या गोष्टी लक्षात ठेव. 'एन्सालादा मिक्स्ता' मध्ये ट्यूना जवळपास ठरलेला. एन्सालादिया, तो बटाट्याचा मेयोनीजवाला गोळा, त्यातही ट्यूना. क्रोकेता हा तळलेला गोळा आतून मऊ पांढरा असतो, त्यात बहुतेक वेळा हामोन किंवा कोंबडी. ओरनासो हा सालामांकाच्या बेकऱ्यांतला भरलेला सोनेरी पाव, आत चोरिसो, हामोन, डुकराचं मांस. फारिनातो हा सॉसेजचा प्रकार तपकिरी, पिठाळ दिसतो आणि अंड्यांबरोबर देतात. त्यात पावाचा चुरा असतो खरा, पण बाकी डुकराची चरबी. मेनेस्त्रा ही भाज्यांची उसळ-वजा डिश, तिच्यावरही हामोन परतून टाकतात. नाताळच्या सुमारास पोल्व्होरोन आणि मांतेकादो घरोघर येतील. हे तोंडात विरघळणारे लाडूसारखे दिसतात, पण पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीचे. ऑलिव्ह तेलाचे मिळतात, पुडक्यावर वाचून घे. चीज घट्ट करायला वापरलेलं विरजण प्राण्यांचं असतं का हा प्रश्न तुझ्या घरी मोठा असेल तर तेही आधीच ठरव. तिथे बसून ठरवणं कठीण जातं.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. मी पाठवलेल्यांपैकी अंडी खाणाऱ्यांचं सालामांकात चांगलं जमलं. अंडीही न खाणाऱ्यांचं जमतं, पण कष्टाने, आणि त्यांना मी कुटुंबाऐवजी सामायिक फ्लॅट सुचवते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनाही तोच सल्ला.

बाहेर जेवायचे दिवस येतीलच: घरी कुणी नसेल, सहल असेल, वर्गातली मुलं चला म्हणतील. तेव्हा 'मेनू देल दिया' शोध. १९६० च्या दशकाच्या मध्यावर, मानुएल फ्रागा पर्यटनमंत्री असताना, सरकारने उपाहारगृहांना ठरावीक किमतीचं पर्यटकांसाठीचं जेवण ठेवायला लावलं. पर्यटकांपेक्षा ते कामावरच्या माणसांनाच जास्त मानवलं आणि सक्ती गेल्यावरही टिकलं. प्रिमेरो, सेगुंदो, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळ्याची एकच किंमत. सालामांकात साधारण बारा ते पंधरा युरो धर, प्लाझा मायोरच्या कमानींखाली जास्त. चौकात कॉफी प्यायला जरूर बस, जेवायला मागच्या गल्ल्यांत जा. फळ्यावर हाताने लिहिलेला मेनू, चित्रं नाहीत, आत कामाच्या कपड्यांतली माणसं, अशी जागा बघ. शनिवार-रविवारी हा मेनू महाग होतो किंवा नसतोच. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी पाएया हा भाताचा पदार्थ असतो, त्यात मांस किंवा समुद्रातलं काहीतरी असणारच.

तुझ्यासाठी त्यातली युक्ती म्हणजे दोन प्रिमेरो मागणे. "पुएदो तोमार दोस प्रिमेरोस?" हे नेहमीचं आहे, कुणी डोळे मोठे करत नाही. प्रिमेरोंच्या यादीत तीन-चार पदार्थ असतात आणि एक-दोन तरी बिनमांसाचे निघतात. सेगुंदोत फारतर तळलेली अंडी. पेय म्हणून वाइन किंवा पाणी त्याच किमतीत. एरवी नळाचं पाणी मागितलं तर २०२२ च्या कचराविषयक कायद्याने ते फुकट द्यावंच लागतं: 'आग्वा देल ग्रिफो' म्हण. टीप सक्तीची नाही, चिल्लर ठेवली तरी पुरे. रोजच बाहेर जेवायची वेळ आली तर विद्यापीठाचं भोजनालय सगळ्यांत स्वस्त.

एक मात्र करू नकोस: दुपारी पिशवीतून सँडविच काढून एकटीने खाणं. स्पॅनिश विद्यार्थीही पैसे वाचवतात, पण ते घरून डबा आणतात. त्याला ते 'तुपेर' म्हणतात, विद्यापीठात मायक्रोवेव्हपुढे रांग असते आणि रविवारी घरी गेलेली मुलं आईने दिलेले मसुरांचे डबे घेऊन परततात. डबा घेऊन त्या रांगेत उभी राहिलीस तर ओळखी होतात.

आणि ते तासभर न उठणं. सोब्रेमेसा. तू ज्यासाठी एवढा पैसा खर्च करून चालली आहेस ती भाषा मिळते ती इथे, हे मी शिक्षिका असूनही सांगते. वर्गात शिक्षक सावकाश, स्वच्छ बोलतो, तुझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबतो. टेबलावर तीन माणसं एकाच वेळी बोलतात, कुणी कुणाचं वाक्य संपू देत नाही आणि विषय जावयापासून वीजबिलापर्यंत कुठेही जातो. सुरुवातीला काही कळणार नाही. टीव्ही चालू असेल, तीनला सरकारी वाहिनीवर बातम्या, त्या संपताना 'साबेर ई गानार' ही प्रश्नमंजुषा, जी १९९७ पासून जोर्दी उर्तादोच चालवतायत आणि म्हातारे होत नाहीत म्हणून सगळा देश त्यांची थट्टा करतो. बातम्या तुझा बचाव आहेत. दुपारी येताना मोबाइलवर मथळे वाचून ठेव, मग निदान विषय कळतो. आणि एक प्रश्न तयार ठेव, स्वयंपाकाबद्दलचा. 'हे तुमच्या गावाकडे कसं करतात' असं विचारलंस की वीस मिनिटं तुला फक्त ऐकायचं काम. सालामांकातल्या अनेक सेन्योरा मुळात आसपासच्या खेड्यांतून आलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या मते तिच्या खेड्यातली पद्धत बरोबर असते.

उठायचं कधी? कॉफी झाल्यावर आधी ताटल्या उचलायला हात लाव, मग 'मला अभ्यास आहे' म्हणून जा. कामाच्या दिवशी अर्धा तास बसलीस तरी पुष्कळ. रविवारी मात्र अभ्यासाचं कारण सांगू नकोस, त्या दिवशी मुलं-नातवंडं येतात आणि पाच कधी वाजले कळत नाही. दुपारी झोपणारे खरं तर कमी असतात. पण लहान दुकानं दोन ते पाच बंद असतात, त्यामुळे जायलाही कुठे नसतं.

आईला भाजणी, पोहे, लोणचं सगळं द्यायचं असेल. गोडा मसाला छोटी पुडी, बाकी राहू दे. चण्याचं पीठ तिथल्या सुपरमार्केटात 'आरीना दे गारबान्सो' नावाने मिळतं, कादिसकडे त्याच्यात कोळंबीचे वडे करतात. एखाद्या रविवारी सेन्योराची परवानगी घेऊन पिठलं-भात कर, तिखट अगदी कमी. पिठलं त्यांना आवडतं, हिंगाचा वास सोसत नाही, तो बेताने.

परवानगीचं मुद्दाम म्हणते आहे. पुष्कळ घरांत विद्यार्थ्याला स्वयंपाकघर वापरू देत नाहीत, आणि दुपारचंच जेवण घेतलंस तर रात्रीचं तुझं तू बघायचं आहे. त्यामुळे राहण्याची सोय करणाऱ्या कार्यालयाला आत्ताच लिही, पोचल्यावर नव्हे. अर्जात 'ओवोलाक्तोवेहेतारियाना' (अंडी-दूध खाणारी शाकाहारी) लिहून वरची नकारांची यादी जोड. रात्रीऐवजी दुपारचं जेवण हवं असं लिही. आणि तिसरं विचार: रात्री फ्रिजमध्ये एक कप्पा आणि मायक्रोवेव्ह मिळेल का. तेवढं मिळालं तर पाव, चीज, फळं, थंड गास्पाचोचा खोका आणि दुकानातलं तयार तोर्तिया यांवर रात्र निघते. मायक्रोवेव्हही नाही म्हणाले तर दुसरं घर मागून घे, सप्टेंबरच्या आधी बदलून देणं त्यांना अवघड नसतं.